घरगुती सेल, डेमो आणि "नुसतं बघायला ये": वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात राजारामपुरीतला फ्लॅट असो, कळंब्याचा बंगला असो की फुलेवाडीतलं दोन खोल्यांचं घर, दुपारी तीन-साडेतीनला हॉलमधला टीपॉय भिंतीला लागतो, सतरंजी पडते आणि वर साड्या, डबे, क्रीमच्या बाटल्या नाहीतर एक ग्रामचे दागिने मांडले जातात. आलेल्या बायका एकमेकींच्या ओळखीच्या, विकणारीही ओळखीचीच. परतताना मात्र अनेकींच्या पिशवीत अशी एखादी वस्तू असते, जी त्यांना नकोच होती.

याबद्दल बायका जिन्यात किंवा गाडीवर मागे बसून बोलतात, उघड कुणी बोलत नाही. म्हणून नेहमी कानावर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. माझं मत आधीच सांगते. "नको" म्हणता न येणं हा घेणारीचा दुबळेपणा नाही. त्या दुपारची मांडणीच तशी असते, आणि ती बदलायची जबाबदारी सगळ्यात जास्त बोलावणारीची आहे.

घरगुती सेलमध्ये नेमकं काय काय येतं?

तीन प्रकार आहेत आणि ते वेगळे ओळखता आले पाहिजेत. पहिला, स्वतः माल आणून किंवा बनवून विकणारी बाई: गांधीनगरहून कुर्ती आणणारी, इचलकरंजीहून बेडशीट, हुपरीहून चांदीची पैंजणं आणणारी, कांदा-लसूण चटणी करणारी. दुसरा, कंपनीचा डेमो: डबे, नॉनस्टिक भांडी, सौंदर्यप्रसाधनं, पाण्याचं फिल्टर. इथे विकणारी कंपनीची असते आणि घर तुमच्या मैत्रिणीचं. तिसरा, ज्यात वस्तू निमित्तमात्र असते आणि खरा विषय "तू पण जॉइन हो" हा असतो. तिन्हींना आपण "सेल" म्हणतो, पण पहिल्यात नको म्हणणं सोपं, दुसऱ्यात अवघड आणि तिसऱ्यात फार गरजेचं असतं.

ही पद्धत आली कुठून?

अमेरिकेतून. टपरवेअरचे डबे तिथे १९४६ पासून दुकानांत होते, पण खपत नव्हते. ते झाकण कसं लावायचं, मधोमध दाबून आतली हवा कशी काढायची, हे कुणीतरी हातात धरून दाखवावं लागायचं. ब्राउनी वाइज नावाची बाई घरोघरी बायका जमवून हे दाखवायची आणि दुकानांपेक्षा कितीतरी जास्त माल विकायची. तिचं काम बघून कंपनीने १९५१ मध्ये डबे दुकानांतून काढूनच घेतले आणि फक्त घरगुती पार्टीत विकायला सुरुवात केली. ज्या काळात तिथल्या गृहिणींना बाहेर नोकरी मिळणं कठीण होतं, त्या काळात या पार्ट्यांनी हजारो बायकांच्या हातात स्वतःचा पैसा दिला, हे विसरू नये. वाइजबाईंना मात्र कंपनीने १९५८ मध्ये काढून टाकलं.

भारतात टपरवेअर १९९६ च्या सुमारास आलं. त्याच दशकात अशा विक्रीच्या आणखी कंपन्या आल्या आणि कोल्हापूरसारख्या शहरात त्यांना तयार जमीन मिळाली. इथे भिशी होती, महिला मंडळं होती, हळदी-कुंकू होतं. बायकांनी दुपारी एकत्र जमायची रीत कुणाला नव्याने शिकवावी लागली नाही. २०२४ मध्ये टपरवेअरच्या मूळ अमेरिकन कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला, पण तिने रूढ केलेली पद्धत आपल्या हॉलमध्ये अजून चालूच आहे.

दुकानात मी सहज "नको" म्हणते. मैत्रिणीच्या घरी का जमत नाही?

महाद्वार रोडला आपण दहा साड्या उलगडायला लावतो, "जरा पुढं बघून येतो" म्हणतो आणि पायऱ्या उतरतो. दुकानदार त्या घड्या घालतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. त्याच्याशी आपलं तेवढंच नातं असतं.

मैत्रिणीच्या हॉलमध्ये तुम्ही आधी तिच्या हातचं खाता. तिने सकाळपासून खपून दहीवडे केलेले असतात. तिने तुमच्या सासूबाईंच्या गुडघ्याची चौकशी केलेली असते. मागच्या वर्षी तुमच्या मुलाला डेंगी झाला तेव्हा तिनेच डबा पाठवलेला असतो. हे सगळं मनात असताना समोर ऑर्डरचा कागद येतो.

तो कागद जरा नीट बघा. फुलस्केप असतो, पेनने रकाने आखलेले: नाव, वस्तू, रक्कम. पहिली ओळ बहुतेक वेळा घरमालकिणीच्या बहिणीची किंवा जावेची असते आणि तिची रक्कम मोठी असते. कागद पेनसकट एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर सरकतो. तुमच्यापर्यंत पोचतो तेव्हा वर पाच-सहा नावं भरलेली असतात. शेजारची बाई कागदाकडे बघत असते, समोरची तुमच्याकडे. अशा वेळी रकाना मोकळा ठेवून कागद पुढे द्यायचा म्हणजे सगळ्यांच्या देखत काहीतरी जाहीर केल्यासारखं होतं. म्हणून हात आपोआप सगळ्यात स्वस्त वस्तूवर जातो.

यावर अभ्यासही झाला आहे. अमेरिकेतल्या जोनाथन फ्रेन्झन आणि हॅरी डेव्हिस या संशोधकांनी १९९० मध्ये घरगुती पार्टीतल्या खरेदीचा अभ्यास प्रसिद्ध केला. वस्तू किती आवडली यापेक्षा बोलावणारीशी नातं किती घट्ट आहे, यावर खरेदी जवळपास दुपटीने जास्त अवलंबून असते, असं त्यांना आढळलं. आपल्या बायकांना हे कुणी सांगायला नको, पण आपण एकट्याच अशा नाही हे कळलं की धीर येतो.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणींना माहीत नसते. कंपनीच्या डेमोत घर देणाऱ्या मैत्रिणीला एकूण विक्रीवर गिफ्ट किंवा सूट मिळते. बोलणारी बाई परकी असते, तिला नको म्हणणं जमलं असतं. पण जिच्या गिफ्टचा आकडा आपल्या ऑर्डरवर ठरतो ती मैत्रीण शेजारी बसलेली असते. ही योजना मुद्दाम अशी केलेली आहे.

पण तिचे उपकार आहेत ना माझ्यावर? मग एक डबा घेतला तर काय बिघडलं?

उपकार खरे आहेत आणि ते फेडायलाही हवेत. आपल्याकडे नाती अशा देण्याघेण्यावरच टिकतात. पण डेंगीत पाठवलेल्या डब्याची फेड तिच्या घरात कुणी आजारी असताना डबा नेऊन होते, तिच्या मुलीच्या लग्नात दोन दिवस आधी जाऊन हाताखाली राबून होते. कंपनीचा साडेसातशेचा डबा घेऊन त्यातलं काहीच फिटत नाही. ते पैसे बहुतांशी तिच्याकडे जातही नाहीत. उलट पुढच्या खेपेला तुम्ही "घेणारी" म्हणून यादीत वर जाता.

"नुसतं बघायला ये" म्हणतात. खरंच नुसतं बघून येता येतं का?

बोलावणारीच्या तोंडी ते खरंच मनापासून असतं. पण तिथे गेल्यावर कुणी नुसतं बघत नाही, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. म्हणून फोन आला की तेव्हाच बोलून घ्यावं: "मी येतो की गं, सगळ्या भेटतील. पण या महिन्यात काही घेणार नाही, आधीच सांगतो." हे वाक्य आधी बोललेलं असलं की ऑर्डरचा कागद आल्यावर जड जात नाही. आणि मैत्रीण मनाची चांगली असेल तर ती त्या दिवशी तुमची बाजू स्वतःच सावरून घेते.

जायचंच नसेल तर काय कारण सांगू?

कारण सांगूच नका. "पाहुणे आलेत" म्हटलं की ती म्हणणार, मग पुढच्या बुधवारी ठेवतो. "बरं नाही" म्हटलं की संध्याकाळी कॅटलॉग घेऊन भेटायला येणार. "मला अशा सेलला यायला आवडत नाही, पण तुला भेटायला कधीही येईन. रविवारी रंकाळ्यावर जाऊया का?" एवढं पुरे. दुसरं वाक्य महत्त्वाचं आहे, ते गाळू नका. नकार वस्तूला आहे, तिला नाही, हे तिला त्या दुसऱ्या वाक्यातून कळतं.

तिथे बसल्यावर नको कसं म्हणायचं? ऐनवेळी शब्द फुटत नाहीत.

शब्द आधी ठरवून जा, ते छोटे असू द्या आणि दुसऱ्यांदा विचारलं तरी तेच म्हणा.

"छान आहे, पण मला नको."
"माझ्याकडं आहेत."
"आज घेत नाही."

"बघतो", "विचारून सांगतो", "पुढच्या वेळी नक्की" हे शब्द टाळा. विकणाऱ्या बाईच्या वहीत ते होकार म्हणून लिहिले जातात आणि तिसऱ्या दिवशी फोन येतो. "यांना विचारावं लागंल" हे तर मुळीच म्हणू नका. एक तर त्यावर "इतकी पण मुभा नाही व्हय वैनी?" असं ऐकावं लागतं आणि बाई चिडून घेऊन टाकते. दुसरं म्हणजे आपल्या पैशाचा निर्णय आपला आहे. नवऱ्याच्या आड लपून तो घेतला की पुढच्या वेळी हवं ते घेतानाही तोच आडवा येतो.

ऑर्डरचा कागद आला की रकाना मोकळा सोडायची वेळच येऊ देऊ नका, कागदाला हातच लावू नका. "मी नाही घेणार, इकडं द्या" म्हणून नजरेनेच पुढच्या बाईकडे वळवा. आणि पैसे घरीच ठेवून जाण्याचा जुना उपाय आता चालत नाही. फोन पे आणि गुगल पे सगळ्यांच्या हातात आहे.

विकणारी माझी जाऊ आहे. किंवा नणंद. किंवा साहेबांची बायको. तिथे हे शहाणपण चालतं का?

इथे खरंच अवघड आहे, आणि "ठामपणे बोला" असा सरसकट सल्ला देणाऱ्यांना आपली घरं माहीत नसावीत असं वाटतं.

जावेच्या बाबतीत प्रश्न पैशाचा नसतो. तिच्याकडून घेतलं नाही तर गौरी-गणपतीत स्वयंपाकघरात त्याची आठवण निघते. सासूबाई "घरातलीला घरातलीनं हात द्यायचा नाही तर कुणी द्यायचा" म्हणतात, आणि त्यांचंही सगळंच चूक नसतं. माझा अनुभव असा, की घरातल्या विकणारीला चारचौघांत उत्तर द्यायचं नाही. डेमोच्या आधी एखाद्या दिवशी, भाजी निवडताना किंवा दोघीच असताना सांगायचं: "अक्का, वर्षातनं एकदा दिवाळीला मी तुमच्याकडनं घेणार. मधे मला विचारू नका, मला नाही म्हणायला जड जातं." वर्षाचं एक ठरलं की बाकीचे अकरा महिने दोघीही मोकळ्या होतात. नणंदेला हेच चालतं. मोठ्या नणंदेला जरा जास्त मानाने सांगावं लागतं, एवढाच फरक.

साहेबांची बायको हा वेगळा प्रकार आहे. नवऱ्याच्या वरच्या माणसाच्या घरी डेमो असेल तर तिथे कुणीच मोकळेपणाने नको म्हणू शकत नाही, आणि हे त्या मॅडमनाही कळतं. मला हे साफ गैर वाटतं. ज्यांच्या बढतीचं, बदलीचं आपल्या घरात ठरतं त्यांच्या बायकांना विक्रीसाठी बोलावू नये. बँक असो, कारखाना असो, शाळा असो. तुम्ही बोलावल्या गेलेल्यांपैकी असाल तर गटाने ठरवा. चौघी-पाचजणी आधी बोलून "आम्ही कुणीच घेणार नाही, नुसत्या येऊ" असं ठरवून गेल्या की एकटीवर नजर येत नाही. शिकवणीच्या बाईंकडे किंवा पाळणाघर चालवणाऱ्या मावशींकडे सेल असतो तेव्हाही हेच. आपलं मूल त्यांच्या हातात असताना नकार देणं कुणालाही जड जातं.

संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला बोलावलं आणि वाण द्यायच्या आधी डेमो सुरू झाला. हे बरोबर आहे का?

नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या बोलावण्याला बाई मान म्हणून जाते. तिळगूळ घ्यायला, ओटी भरून घ्यायला जाते. तिथून उठून जाणं अशुभ वाटेल म्हणून ती बसून राहते, आणि नेमक्या त्याच संकोचावर विक्री चालते. वाण म्हणून कंपनीचं सॅम्पल आणि सोबत ऑर्डरचा कागद, हे तर फारच वाईट. डेमो ठेवायचा असेल तर डेमो म्हणून बोलवावं आणि हळदी-कुंकवाला फक्त हळदी-कुंकू ठेवावं.

एक गोष्ट मात्र या सेलच्या बाजूने सांगितली पाहिजे. हळदी-कुंकवाला ज्यांना आपण वर्षानुवर्षं बोलावलं नाही त्या नवरा गेलेल्या बायका सेलला येतात, इतर बायकांत बसतात, हसतात. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, तोही आपल्याच जिल्ह्यात. तेव्हा सगळ्यांना बोलावणारं, काहीही न विकणारं हळदी-कुंकू करणं आपल्याला जमण्यासारखं आहे.

भिशीत दर महिन्याला कुणीतरी काहीतरी विकायला आणते. काय करावं?

नियम करा. बऱ्याच भिश्यांमध्ये चालणारा साधा नियम असा: चिठ्ठी निघाली, खाणं झालं, भिशी संपली. ज्यांना बघायचं त्या थांबतील, बाकीच्या निघतील. माल भिशी संपल्यावरच पिशवीतून बाहेर काढायचा. आणि भिशीच्या रकमेतून वस्तूचे पैसे वळते करून घ्यायचे नाहीत, कितीही सोयीचं वाटलं तरी. ज्या महिन्यात नंबर लागतो त्या महिन्याच्या पैशावर प्रत्येकीने काहीतरी ठरवलेलं असतं.

अगदीच रिकाम्या हाताने नको म्हणून एखादी छोटी वस्तू घ्यावी का?

हवी असेल तर घ्या. सुटका म्हणून घेऊ नका. शंभर-दीडशेची वस्तू सगळ्यात जास्त खपते ती याच कारणाने, आणि विकणाऱ्यांना ते ठाऊक असतं. म्हणूनच मांडणीत ती पुढे ठेवलेली असते.

घरी चटणी-पापड करणाऱ्या शेजारणीलाही असंच नको म्हणायचं?

तिच्याबाबतीत माझा हात जरा सैल आहे आणि ते मी लपवत नाही. उन्हात मिरच्या वाळवून, कांडपाला जाऊन आणून, खोबरं-लसूण भाजून जी बाई चटणी करते, तिच्या किमतीत तिचे कष्ट असतात. वरच्या कुणाला वाटा जात नाही. चटणी घरात लागतेच. कुणाकडून तरी घेणारच असू तर तिच्याकडून घ्यावी, आणि घासाघीस करू नये. महापुराच्या वर्षांनंतर, २०१९ आणि २०२१ नंतर, माझ्या ओळखीतल्या काही घरांत दुकान बसलं आणि बाईच्या अशा विक्रीवर चूल चालली. त्यांच्या दारात जाऊन घेणं हा दबाव नाही, आपलं काम आहे.

पण तिखट जास्त झालं असेल, पापड तळताना काळे पडत असतील, तर तेही तिला सांगा. न सांगता घेणं बंद करणं तिच्यासाठी जास्त नुकसानीचं असतं.

"प्लॅन ऐकून तर घे" म्हणतात. जॉइन व्हावं का?

आधी एक हिशेब करा. प्रत्येकीने सहा जणी जोडायच्या असं सांगतात. तुम्ही सहा, त्या सहा जणींच्या प्रत्येकी सहा म्हणजे छत्तीस, मग २१६, १,२९६, ७,७७६, ४६,६५६, २,७९,९३६. आठव्या पायरीला १६,७९,६१६ बायका लागतात. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या सुमारे साडेपाच लाख होती, पुरुष आणि तान्ही बाळं धरून. म्हणजे शहराच्या तिप्पट माणसं फक्त एका पायरीला हवीत. खालच्या पायरीवर आलेल्यांना जोडायला कुणी उरतच नाही, आणि बहुतेक जणी खालच्या पायरीवरच असतात.

कायदाही याबाबत स्पष्ट आहे. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने थेट विक्रीचे नियम लागू केले. त्यानुसार पिरॅमिड योजना, म्हणजे माणसं जोडण्यावरच पैसे मिळणारी अशी साखळी, चालवायला आणि त्यात कुणाला ओढायला बंदी आहे. सामील होण्यासाठी फी घेता येत नाही, ठरावीक माल घ्यायची सक्ती करता येत नाही. साखळीने पैसे फिरवण्याच्या योजनांवर तर १९७८ च्या कायद्यानेच बंदी आहे. म्हणून एकच प्रश्न विचारा: "मी एकही बाई जोडली नाही, नुसता माल विकला, तर मला किती मिळेल?" उत्तर आकड्यात आलं तर पुढे ऐका. स्वप्नं, गाडी आणि परदेशवारी यांच्या गोष्टी सुरू झाल्या तर चहा संपवून उठा.

जॉइन झाला असाल आणि पस्तावत असाल तर करारातली विचार बदलण्याची मुदत बघा. त्या मुदतीत दंड न भरता बाहेर पडता येतं.

"या पावडरीने माझी शुगर गेली" असं सांगून विकतात. विश्वास ठेवावा का?

मधुमेहासारख्या आजारांवर औषधाने खात्रीचा इलाज होतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. हॉलमध्ये बसून सांगितलं म्हणून ते खरं होत नाही. कंपनीच्या पाकिटबंद खाण्याच्या वस्तूवर अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक असतो. तो नसेल तर हातही लावू नका. आणि क्रमांक असला तरी तो परवाना खाद्यपदार्थाचा असतो, औषधाचा नाही. डॉक्टरांची गोळी बंद करून अशी पावडर सुरू करणाऱ्या काकू आपल्या आसपास असतात. त्यांच्यापाशी बसून गोळी चालू ठेवायला सांगणं, हे मैत्रिणीला नाराज करण्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे. याबाबतीत मी भीड ठेवत नाही.

मैत्रिणीकडून घेतलेली वस्तू खराब निघाली. परत कशी देऊ? बिल मागितलं नव्हतं.

बिल मागण्यात अविश्वास नाही, ही सवय लावून घ्या. बिल न देणं हीच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत परत घ्यावाच लागतो, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत. पाकिटबंद मालावर छापील किंमत, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी संपर्क हे छापलेलं असायला हवं. चांदी-सोनं असेल तर हॉलमार्क बघा. सोन्याच्या दागिन्यावर एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी-अंकी ओळख क्रमांक सक्तीचा आहे.

मैत्रिणीला सांगताना वस्तू घेऊन जा आणि दोष दाखवा. "तू फसवलंस" म्हणू नका, "हे कंपनीला परत पाठवायचंय, आपण दोघी मिळून करूया" म्हणा. बहुतेक वेळा तिलाही तो माल तसाच गळ्यात मारलेला असतो.

मीच विकते. माझ्याकडून मैत्रिणींवर दबाव येतो का?

तुम्ही हा प्रश्न विचारता आहात म्हणजे तुम्हाला त्यांची काळजी आहे. दबाव येतो, तुमची इच्छा नसली तरी. पण तो बराच कमी करता येतो, आणि त्याने धंदा बुडत नाही. उलट ज्या येतात त्या मनापासून येतात.

बोलावताना काय विकणार, साधारण किंमत किती, हे निरोपातच लिहा. "गेट टुगेदर आहे" असं सांगून बोलावू नका. थेट विक्रीचे नियमही हेच सांगतात: विक्रीचं बोलणं सुरू करतानाच विक्रेत्याने आपलं नाव, कंपनी, माल आणि हेतू न विचारता सांगायचा असतो, आणि ओळखपत्र व पूर्वपरवानगीशिवाय कुणाच्या घरी विकायला जायचं नसतं.

ऑर्डरचा फिरता कागद बंद करा. हा एक बदल बाकी सगळ्यांपेक्षा मोठा आहे. ज्यांना हवं त्या रात्री तुमच्या फोनवर एकटीने कळवतील, कुणी किती घेतलं ते कुणाला दिसणार नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर "सुनीताताईंनी तीन घेतले, तुम्ही कधी?" असलं काही टाकू नका. माल बघायचा तो आधी, खाणं शेवटी ठेवा, म्हणजे ज्यांना निघायचं त्या खाण्याचं ओझं न घेता निघतील. उधारी देऊ नका, कारण उधारी मागायला लागली की मैत्री संपायला लागते. घरकाम करणाऱ्या मावशींना पगारातून कापून काहीही विकू नका, त्यांनी स्वतः मागितलं तरी दोनदा विचार करा.

आणि दारात निरोप देताना न घेणारीलाही घेणारीइतक्याच वेळ थांबवून बोला. तिला जे कळायचं ते तिथे कळतं.

नको म्हटल्यावर मैत्रीण बोलायची बंद झाली तर?

आठ-पंधरा दिवस जाऊ द्या आणि मग विक्रीचा विषय न काढता तिच्या घरी जा. बहुतेक वेळा तिला महिन्याचं टार्गेट गाठायचं असतं, ते सरलं की तीच मोकळी होते. तरीही नाही बोलली तर दुःख होईल, ते खरं आहे. पण दर महिन्याला हजार रुपये देऊन ते नातं टिकणार नव्हतं.

तक्रार करायची वेळ आली तर कुठे करू?

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी. नाव आणि संपर्क कंपनीच्या संकेतस्थळावर द्यावाच लागतो, आणि साधारण महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, तिथे मराठीत बोलता येतं. त्यानंतर कोल्हापूरचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. बिल, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपवरचे निरोप जपून ठेवा. कंपनीचा माल असेल तर तक्रार कंपनीच्या नावाने करा आणि दाखल करायच्या आधी मैत्रिणीला फोन करून तसं सांगा, म्हणजे नोटिशीची बातमी तिला दुसऱ्या कुणाकडून कळणार नाही.